पाइप मधोमध चिरून आणा

पत्र : सर, नमस्कार. मी कराडजवळ राहतो. स्वतःचा एकच ट्रक आहे, २००३ सालचा, सहाचाकी. कराड-चिपळूण माल वाहतो. मुलगा मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गणित आणि थर्मल (उष्णतेचं शास्त्र) असे दोन विषय राहिलेत. कॉलेजपेक्षा हायवेवरच्या गॅरेजातच जास्त सापडतो. मे महिन्यात मी गाडी पंधरा दिवस उभी केली होती, तर या पठ्ठ्याने भंगारातून टर्बो, म्हणजे इंजिनात जोराने हवा कोंबणारा पंखा, आणला, पाइप स्वतः कापून आर्गन वेल्डिंगने जोडले आणि माझ्या बिनटर्बोच्या इंजिनाला बसवले. आधी मी चार शिव्या घातल्या. पण खरं सांगतो, कुंभार्ली घाटात जिथे दुसरा गिअर टाकावा लागायचा तिथे आता गाडी तिसऱ्यात चढते. आता तो म्हणतो कॉलेज बास, ट्रकच्या टर्बोचं आणि पाइपिंगचं दुकान टाकतो, पाच लाख द्या. मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ दाखवतो. देऊ का? सोबत चार फोटो पाठवलेत.

उत्तर : राम राम भाऊ. सरळ सांगतो, पाच लाख आत्ता देऊ नका आणि कॉलेजही सोडू देऊ नका. पण घरात 'पोरगं वाया गेलं' असं बोलणं चालू असेल तर तेही आजपासून बंद करा. मी बावीस वर्षं आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेड शिकवला. तुमचा दुसरा फोटो मी मोठा करून तीनदा बघितला. त्यावर येतोच.

आधी गाडीचं, कारण ती रोज रस्त्यावर आहे. टर्बो उतरवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने जशी गाडी बनवली आणि आरसीवर जशी नोंद आहे, त्यात असा बदल परस्पर करायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि ते मालकाला, म्हणजे तुम्हाला, पोराला नाही. उद्या घाटात काही झालं तर विमा कंपनीच्या सर्व्हेअरला क्लेम अडवायला आयतं कारण मिळेल ते वेगळंच.

कायदा घटकाभर बाजूला ठेवू. नुसता टर्बो लावून ओढ वाढत नाही, डिझेलही वाढवावं लागतं. म्हणजे त्याने डिझेल पंपही खोललाय. हे तुम्हाला सांगितलंय का, विचारून बघा. टर्बोसाठी बनवलेल्या इंजिनात पिस्टनच्या पोटावर खालून ऑइलचा फवारा मारणारी नोझल असतात, कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा किती पटीने दाबतो ते, तेही कमी ठेवलेलं असतं. जुन्या बिनटर्बोच्या इंजिनात हे बहुतेकदा नसतं. भरलेली गाडी घाटात अर्धा तास फुल लोडवर चढते तेव्हा सगळी उष्णता पिस्टन आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि हेड यांच्यामधलं पॅकिंग) सोसतात. तिसऱ्या गिअरचं सुख तिथून वसूल होतंय.

आता फोटो. दुसऱ्या फोटोत दोन बेंडांमधला जोड दिसतो. अडीच इंची एस.एस.चा, म्हणजे स्टेनलेस स्टीलचा, पाइप, जाडी जेमतेम दीड मिलिमीटर असावी. वेल्डचे खवले माशाच्या पाठीवर असतात तसे एकावर एक बसलेत, रुंदी सगळीकडे सारखी, कुठे भोक पडून नंतर बुजवल्याची खूण नाही. पातळ एस.एस.ला उष्णता जरा जास्त झाली की ते गळून पडतं, आणि गोल पाइपवर हाताचा कोन क्षणाक्षणाला बदलावा लागतो. वीस जणांच्या तुकडीत असा हात एखाद्याचाच असायचा. तोही वर्षाच्या शेवटी.

तिसऱ्या फोटोने मात्र घोळ केला. पाइपच्या तोंडाला उभार काढलेला नाही. टोकाला रोलरने एक गोल वरंबा उठवतात, त्याच्या मागे रबरी होज आणि क्लॅम्प अडकतो. सपाट तोंडावर दोन क्लिपा कितीही आवळल्या तरी टर्बोचा दाब आणि ऑइलची वाफ मिळून होज एक दिवस फट्‌कन निसटणार. ओढ जाईल, मागे काळ्या धुराचा लोट. शिवाय पाइपला इंजिनावर कुठे ब्रॅकेट दिसत नाही, म्हणजे सगळं ओझं टर्बोच्या तोंडावर लटकतंय. चौथ्या फोटोत ऑइल परतीच्या नळीला झोळ पडलाय. टर्बोतून ऑइल दाबाने परत येत नाही, आपल्या वजनाने ओघळतं. झोळात ते तुंबलं की सील ओलांडून हवेच्या वाटेने इंजिनात जातं आणि सायलेन्सर निळा धूर ओकतो.

एक प्रश्न मी त्याला समोर बसवून विचारणार आहे : टर्बोच्या आधीचा पाइप गळला आणि टर्बोच्या नंतरचा गळला, तर जास्त वाईट काय? नव्वद टक्के पोरं 'नंतरचा' म्हणतात, कारण तिथे शिट्टी वाजते. पण नंतरच्या पाइपात दाब असतो, हवा बाहेर जाते, ओढ कमी होते, काळा धूर निघतो, म्हणजे लगेच कळतं. एअर फिल्टर ते टर्बो या पाइपात मात्र हवा आत खेचली जाते. तिथे सुईएवढी फट असली तरी रस्त्याची धूळ फिल्टर चुकवून आत जाते. आवाज नाही, धूर नाही, आणि सिलिंडरच्या लायनर-रिंगा गुपचूप झिजतात. माझ्या एका विद्यार्थ्याने या पाइपात ग्राइंडिंगची कच तशीच राहू दिली होती. आठवड्याभरात टर्बोचा सूर बदलला. उघडला तर पंख्याची पाती उंदराने कुरतडल्यासारखी. तो पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फिरतो हो, त्याला वाळूचा कणही खडा असतो.

तर मुद्दा असा की तुमच्या पोराला वाटतंय त्याला टर्बो येतो. टर्बो त्याला अजून येत नाही. त्याला येतं ते पातळ पाइपचं फॅब्रिकेशन, आणि ते फार मोठं आहे. दोन्हींतला फरक कळला की पुढचं सोपं होईल.

टर्बो बसवण्याच्या दुकानाचं म्हणाल तर ते गिऱ्हाईक आटत चाललंय. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ या प्रदूषण नियमाच्या आल्या. हवा किती, दाब किती, धूर साफ करणारी यंत्रणा चालते का, हे सगळं सेन्सर मोजतात. मधला पाइप मनाने बदलला की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडीची ताकद कापली जाते. उरल्या तुमच्यासारख्या जुन्या गाड्या, आणि त्यांच्यावर हे काम करणं कायद्यात बसत नाही. व्हिडिओंत तो बघतो ते बहुतेक पिकअप, त्यातही ५.९ लिटरच्या कमिन्स इंजिनाच्या जुन्या डॉज गाड्या. त्यांतल्या पुष्कळशा वजन ओढण्याच्या स्पर्धांसाठी मैदानातच पळतात. धूर साफ करणारी यंत्रणा काढून टाकणं तिथेही बेकायदाच आहे, आणि अशी किट विकणाऱ्यांना तिथलं सरकार जबर दंड करतं. व्हिडिओत तेवढा भाग नसतो.

हाच हात दुसरीकडे वळवा. दीड मिलिमीटरच्या एस.एस. पाइपवर आतून-बाहेरून स्वच्छ वेल्ड हे काम दूध डेऱ्या आणि औषध कारखाने शोधत असतात. तुम्ही चिपळूणला माल टाकता, तिथून थोडं पुढे लोटे परशुरामची एमआयडीसी आहे. तिथल्या रासायनिक कारखान्यांच्या पाइपलाइनींकडे पुढच्या खेपेला नजर टाका. इंजिनच सोडवत नसेल तर पुण्याकडे इंजिन आणि जनरेटर बनवणाऱ्यांच्या टेस्ट बेड, म्हणजे इंजिनं चालवून तपासायच्या जागा, असतात. नव्या इंजिनाला तिथे रोज वेगळं हवेचं आणि एक्झॉस्टचं पाइपिंग लागतं, आणि ते हातानेच बनवावं लागतं. जे काम त्याने तुमच्या गाडीवर चोरून केलं, त्याच कामाचा तिथे पगार मिळतो. रत्नागिरीत मिरकरवाड्याच्या बोटींवरही डिझेल इंजिनं आहेत, खाऱ्या हवेने खाल्लेले एक्झॉस्ट बदलायचं काम तिथे संपत नाही.

मग डिप्लोमा कशाला? मी सुद्धा हातावर वाढलेला माणूस, कागदाचं मला कौतुक नाही. पण राहिलेला विषय कोणता, तर थर्मल! घरीच परीक्षा घ्या. बाहेर ३५ अंश तापमान आहे, टर्बो बाहेरच्या हवेपेक्षा १ बार जास्त दाब देतोय, तर टर्बोतून निघणारी हवा किती तापेल? टर्बोची कार्यक्षमता सत्तर टक्के धरली तर उत्तर १३० अंशांच्या आसपास येतं. तीच हवा इंटरकूलरने, म्हणजे हवा थंड करणाऱ्या जाळीने, ६० अंशांवर आणली तर त्याच दाबाला सुमारे वीस टक्के जास्त हवा सिलिंडरमध्ये मावते. पहिल्या फोटोत पाइप टर्बोतून थेट मॅनिफोल्डला, म्हणजे इंजिनाच्या हवेच्या तोंडाला, गेलाय, मध्ये इंटरकूलर नाही. का नाही, विचारा. 'जागा नव्हती' म्हणाला तर हे गणित त्याच्यासमोर ठेवा. हा त्याच्याच पाइपाचा हिशोब आहे, कॉलेजने त्याला थर्मल असं नाव दिलंय एवढंच.

डिप्लोमा झाल्यावर सरकारच्या नॅट्स योजनेत वर्षभराची अप्रेंटिसशिप करता येते. आपल्याकडचं ते काम मुंबईचं अप्रेंटिसशिप ट्रेनिंग बोर्ड बघतं. अर्ज करताना टेस्ट बेड किंवा प्रोटोटाइप शॉप (पहिले नमुने बनवणारा विभाग) असलेली कंपनी निवडायची. त्या वर्षात ६जी ची वेल्डर टेस्ट द्यायची. यात पाइप ४५ अंशांत पक्का बांधलेला असतो, तो फिरवायचा नाही, वेल्डरने त्याच्याभोवती फिरायचं. ही टेस्ट पास झालेल्याला रिफायनरीत आणि आखातात काय भाव आहे ते गावातल्या कुणा परत आलेल्याकडून ऐका. आणि डिसेंबरपर्यंत ते दोन विषय नाहीच निघाले, तर भांडण नको. आयटीआयला टिग-मिग वेल्डरचा आणि पाइप वेल्डरचा एकेक वर्षाचा ट्रेड आहे, सगळीकडे नाही पण आहे. तिथे घाला. त्यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही, मी तिथेच आयुष्य काढलं.

पैसे खर्चायचेच असतील तर आत्ता चांगलं ऑटो-डार्क हेल्मेट आणि वेल्डिंगच्या धुराचा मास्क घेऊन द्या. एस.एस.चा धूर फुप्फुसाला फार वाईट, आणि फोटोत पोरगं तोंडाला रुमाल बांधून बसलंय. आर्गनसाठी एक जादा रेग्युलेटर आणि नळीही लागेल. का ते सांगतो.

टर्बो उतरवल्यावर तो पाइप तुमच्या काही कामाचा नाही. दुसऱ्या फोटोतला तुकडा त्याला मधोमध उभा चिरायला सांगा. जीव तुटेल त्याचा, पण चिरू द्या. एस.एस.ला बाहेरून वेल्ड मारताना पाइपच्या आतही आर्गन भरावा लागतो. नाही भरला तर बाहेर माशाचे खवले आणि आत करपलेला, खडबडीत काळा थर. तोच थर पुढे सुटून इंजिनात जातो, आणि डेअरीत तर असा जोड उभ्याउभ्या कापून टाकायला लावतात. आतली कड चंदेरी किंवा सोनेरी निघाली तर मला त्याच दिवशी फोन करा. काळी निघाली तर पुढच्या रविवारी दोन्ही अर्धे पिशवीत घालून त्याला माझ्याकडे एकट्याला पाठवा. तुम्ही येऊ नका, तुमच्यासमोर तो बोलणार नाही.