गाडी आणि गॅरेज: वाचकांचे प्रश्न
या वेळी: सेकंडहँड मोठ्या एसयूव्ही

या वेळी बहुतेक प्रश्न पाच ते बारा लाखांत मिळणाऱ्या जुन्या मोठ्या गाड्यांचे आहेत. खर्चाचे आकडे अंदाजाने दिले आहेत. त्यात ओरिजिनल पार्ट आणि चांगल्या खासगी गॅरेजची मजुरी धरली आहे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये तेच काम सहज दीडपटीत जातं.

माझी एक्सयूव्ही ५०० (२०१४, डिझेल, मॅन्युअल) १ लाख १५ हजार किमी चालली आहे. क्लच पेडल जड झालंय आणि गाडी बंद करताना खालून ‘खडड्’ असा आवाज येतो. गॅरेजने ६२ हजारांचा अंदाज दिलाय. क्लच प्लेटचे एवढे पैसे होतात का? (वाचक, सांगली)

नुसत्या क्लच प्लेटचे होत नाहीत. पण तुम्ही सांगता तो आवाज प्लेटचा नाही, फ्लायव्हीलचा आहे.

या गाडीला ड्युअल मास फ्लायव्हील आहे. दोन जड चकत्या आणि त्यांच्यामध्ये स्प्रिंगा. डिझेल इंजिनाचे धक्के गिअरबॉक्सपर्यंत जाऊ नयेत म्हणून ही रचना असते. स्प्रिंगा थकल्या की इंजिन बंद होताना त्या दोन चकत्या एकमेकांवर आपटतात. पेडल जड होणं हे बहुधा क्लच सेट झिजल्याचं लक्षण. प्लेट झिजली की तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांचा कोन बदलतो आणि पायाला जोर लागतो.

हिशेब साधारण असा बसतो. प्लेट आणि प्रेशर प्लेट १० ते १४ हजार, फ्लायव्हील २५ ते ३५ हजार, मजुरी ६ ते १० हजार. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडर आणि रिलीज बेअरिंगचे ४ ते ६ हजार. गिअर ऑइल आणि सीलचे वेगळे. म्हणजे ६२ हजार ही लूट नाही, पण अंदाज पार्टवार लिहून घ्या. ‘क्लच काम: ६२,०००’ अशा एका ओळीवर गाडी सोडू नका.

गिअरबॉक्स उतरवल्यावर स्वतः समोर उभे राहा. फ्लायव्हील हाताने दोन्ही बाजूंना फिरवून पाहायला सांगा. सैलपणा जास्त वाटला, चकती हलली, कडेने ग्रीस बाहेर आलं असेल किंवा पृष्ठभागावर निळे डाग असतील तर बदलायला पर्याय नाही. यातलं काहीच नसेल तर तीस हजार वाचले. लेथवर घासून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा. घासल्याने आतल्या स्प्रिंगा नव्या होत नाहीत. क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं ऑइल सील मात्र याच वेळी बदला. सील काहीशे रुपयांचं असतं आणि ते नंतर गळलं तर गिअरबॉक्स उतरवण्याची सगळी मजुरी परत भरावी लागते.

क्लच घसरतोय का, हे घरीच कळेल. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला ताशी ४० वर असताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा वर पळाला आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेट संपली. पावणेदोन टनांची गाडी ट्रॅफिकमध्ये अर्ध्या क्लचवर ढकलत नेली की लाखाच्या आसपास ही वेळ येते.

२०१२ ची फॉर्च्युनर ३.० फोर बाय फोर, मॅन्युअल, मीटरवर १ लाख ९० हजार. मालक म्हणतो, ‘टोयोटाचं इंजिन आहे, पाच लाख किमी बघायचं नाही.’ घेण्याआधी काय पाहू? (वाचक, नाशिक)

इंजिन दणकट आहे, त्यात वाद नाही. पण ‘बघायचं नाही’ म्हणत आधीच्या मालकाने खरंच काही बघितलं नसेल तर भुर्दंड तुम्हाला.

पहिली गोष्ट, पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांचा मेळ राखायला या इंजिनाला टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे. २०१६ च्या शेवटी आलेल्या २.८ इंजिनाला चेन आहे, त्यामुळे लोकांचा घोळ होतो. बेल्ट चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि काम लाखाच्या वर जातं. बदलल्याचं बिल मालकाकडे असेल तर ते पाहा, ‘मागेच बदललाय’ एवढं तोंडी पुरत नाही. बिल नसेल तर मीटर काही म्हणो, गाडी घेतल्याच्या आठवड्यात बेल्ट आणि त्याच्या आयडलर, टेन्शनर या पुल्या, तिन्ही बदला. १२ ते २० हजार लागतील. नुसता बेल्ट बदलून आयडलर जुना ठेवणं म्हणजे पैसे वाचवल्याचा भास. बेअरिंग जाम झालं तर नवा बेल्टही जातो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती बाहेरून दिसत नाही. या इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर हेडच्या कव्हरखाली बसतात. त्यांच्या बुडाशी तांब्याचे वायसर असतात. हे वायसर गळायला लागले की जळलेला गॅस थेट इंजिन ऑइलमध्ये शिरतो. काजळी होते, डांबरासारखा थर बनतो आणि तो ऑइल चेंबरमधल्या स्ट्रेनरच्या जाळीवर बसतो. जाळी तुंबली की पंपाला ऑइल मिळत नाही आणि बेअरिंग जळतात. वायसर काहीशे रुपयांचा, पण त्याच्यापायी आख्खं इंजिन बांधायला लागतं.

म्हणून पाहायला जाताना गाडी थंडच हवी. मालकाला आधी सांगून ठेवा की चालू करून ठेवू नका. बोनेटला हात लावून खात्री करा. थंड स्टार्टला इंजिन ‘टकटक’ करत असेल, मिसिंग असेल, पांढरट धूर रेंगाळत असेल तर इंजेक्टरवर संशय घ्या. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण सैल करून अलगद ठेवा. ते उडून पडावं एवढा जोर असेल तर एक तर वायसर गळतायत, नाही तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. झाकणाच्या आत कडक काळा थर दिसला तर चेंबर उतरवून जाळी पाहिल्याशिवाय टोकन देऊ नका.

मग स्कॅनर. इंजिन गरम करून, एसी बंद ठेवून, आयडलवर चारही इंजेक्टरचे फीडबॅक आकडे (कुणाचं डिझेल किती कमी-जास्त करावं लागतंय ते) पाहायला सांगा. शून्याच्या आगेमागे ३ पर्यंत ठीक. एखादा त्याच्या बराच पुढे किंवा मागे असेल तर तो इंजेक्टर जाण्याच्या वाटेवर आहे. नवा एक २५ ते ३५ हजारांचा, म्हणजे चारांचे लाखाच्या वर. रिकंडिशन्ड निम्म्याहून कमीत होतो, पण टेस्ट बेंचचा रिपोर्ट देणाऱ्याकडूनच करा आणि नवा इंजेक्टर बसवला की त्याचा कोड ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये) भरून घ्या. कोड न भरता दिलेली गाडी धूर काढते आणि मग पंपाला दोष लागतो.

फोर बाय फोरची परीक्षा मातीच्या किंवा खडीच्या मोकळ्या जागेत घ्या. सेंटर डिफरन्शियल म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत ताकद वाटणारा गिअरसंच. त्याचा लॉक टाका, दिवा लागला पाहिजे; काढल्यावर काही मीटरमध्ये गेला पाहिजे. कोरड्या डांबरावर लॉक टाकून वळवू नका. टायर २६५/६५ आर १७ मापाचे, एकेक १३ ते १८ हजारांचा. चारही एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. कायम फोर व्हील ड्राइव्ह गाडीत वेगवेगळ्या झिजेचे टायर सेंटर डिफरन्शियलवर ताण टाकतात.

एक लक्षात ठेवा. गाडी आठ-नऊ लाखांची झाली तरी तिचे पार्ट तीस लाखांच्या गाडीच्याच भावाने मिळतात. टायमिंग बेल्ट, सगळी ऑइलं, फिल्टर, ब्रेक, दोन टायर एवढं धरून किमान दीड लाख बाजूला ठेवा. हा पैसा नसेल तर गाडी तेवढ्याने स्वस्त मागा किंवा सोडून द्या. गाडी परराज्यातून एनओसीवर आलेली असेल तर महाराष्ट्रातला रोड टॅक्स आणि नव्या नंबरचा खर्चही आधी आरटीओत विचारून त्यात धरा. दिल्लीकडच्या जुन्या डिझेल गाड्या इकडे स्वस्त दिसतात, त्या सगळ्याच स्वस्त पडतात असं नाही.

फोर्ड एन्डेव्हर ३.२ मध्ये कूलंट कमी होतं, पण खाली थेंब पडत नाही. शिवाय ऑइल बदलताना आमच्या मेकॅनिकने गाडी रात्रभर ऑइल गाळायला ठेवू का, असं विचारलं. ठेवावी का? (वाचक, कुडाळ)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी: अजिबात नको. बाकीच्या गाड्यांत ‘जेवढं जास्त गळेल तेवढं चांगलं’ हे चालतं, या इंजिनात नाही. जास्त वेळ रिकामं ठेवलं तर ऑइल पंपातलं ऑइल उतरून जातं आणि पुन्हा चालू केल्यावर पंप ऑइल ओढत नाही. इंजिन कोरडं फिरतं. नवा फिल्टर, नवं वायसर आणि ऑइल हाताशी ठेवूनच बोल्ट सोडा. दहा मिनिटांच्या आत बोल्ट परत लावा आणि लगेच ऑइल भरा. साधारण पावणेदहा लिटर लागतं. चालू केल्यावर ऑइलचा लाल दिवा काही सेकंदांत गेला नाही तर इंजिन ताबडतोब बंद करा, रेस देऊन दाब येतो का ते पाहू नका.

आता कूलंट. थेंब पडत नसेल तर पहिला संशय ईजीआर कूलरवर, म्हणजे इंजिनात परत जाणारा जळका गॅस कूलंटने थंड करणाऱ्या भागावर. तो आतून फुटला की कूलंट इनटेकमध्ये जातं आणि जळून जातं. सकाळच्या पहिल्या स्टार्टला पांढरा, गोडसर वासाचा धूर हीच त्याची खूण. रेडिएटरला प्रेशर टेस्टर लावून रात्रभर ठेवा आणि दाब उतरतो का पाहा. उतरला तर कूलर सोडून त्याचीच वेगळी टेस्ट घ्या. पाणी घालून दिवस ढकलू नका. जास्त गळती झाली तर सिलिंडरमध्ये पाणी साचून कनेक्टिंग रॉड वाकतो. फोर्डने २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवायचं जाहीर केलं, तरी पार्ट मिळतात. मात्र ते यायला वेळ लागू शकतो, म्हणून गाडी उघडण्याआधी पार्ट मागवा.

सफारी स्टॉर्म पहिल्या गिअरला उचलताना मागून ‘टॉक’ आवाज, आणि ६०-८० ला थरथर. गॅरेजवाला डिफरन्शियल उघडायचं म्हणतो. (वाचक, बारामती)

आधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, बघा. गाडी सपाट जागी, चाकांना ओट लावून, न्यूट्रलला ठेवा. खाली शिरून शाफ्ट दोन्ही हातांनी उलटसुलट फिरवा. क्रॉसजवळ जराही खुळखुळ जाणवली किंवा कपांभोवती लाल गंजाची पूड दिसली तर आजार तिथेच. क्रॉस एक हजाराच्या आसपास, बॅलन्सिंगचे दोन हजार. सगळं मिळून सात-आठ हजारांत सुटतं. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर सेंटर बेअरिंगचं रबरही पाहा. शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही बाजूंना पेंटने खूण करा. तो फिरवून बसवला तर थरथर तशीच राहते. डिफरन्शियलचा आवाज वेगळा असतो: वेगाबरोबर वाढत जाणारा ‘घूंऽऽ’ असा, आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलणारा.

खड्ड्यात पुढून खडखड. लिंक रॉड, बुश, शॉकॲब्सॉर्बर, नेमकं काय? सगळंच बदलू का? (वाचक, कल्याण)

सगळंच बदललं की आवाज जातोच, पण पैसेही जातात. स्पीडब्रेकरवर दोन्ही चाकं एकदम चढवा, मग एकच चाक चढवा. दोन्ही एकदम चढवताना गाडी गप्प आणि एकच चढवल्यावर खडखड, तर बहुधा लिंक रॉड. एकेक हजार-दीड हजाराला. दोन्ही वेळा ‘धप्’ आवाज आणि ब्रेक मारताना गाडी किंचित ओढते, तर लोअर आर्मचे बुश. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टक’ होत असेल तर शॉकॲब्सॉर्बरचं वरचं माउंटिंग. आर्म बदलला की अलाइनमेंट करायलाच हवं.

पूर आलेल्या भागातली गाडी स्वस्तात मिळतेय. पुरात बुडाली होती की नाही, कसं ओळखावं? (वाचक, चिपळूण)

२०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण. दोन्ही पुरांत बुडालेल्या गाड्या अजून फिरतायत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. घडीत चिखलाची रेघ उरलेली असते, ती धुणाऱ्याला सुचत नाही. पुढच्या सीटखालचे वायरिंगचे कनेक्टर सोडून आत हिरवट गंज आहे का पाहा. डॅशबोर्डच्या आतल्या पट्ट्यांचे स्क्रू आरशाने बघा. किल्ली ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी गेला पाहिजे; मुळीच न लागणारा दिवा हा लागून राहणाऱ्या दिव्यापेक्षा वाईट, कारण तो बहुधा कुणीतरी मुद्दाम काढलेला असतो. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचा बोल्ट किंचित सोडून चमचाभर ऑइल बाटलीत घ्या. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय. मालक हे करू देत नसेल तर भाव कितीही उतरवला तरी नको.