बंपरला पोचा आला, क्लेम टाकावा का?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, १,१९७ सीसी, विम्याचं पाचवं वर्ष चालू आहे. रिव्हर्स घेताना सोसायटीच्या खांबाला लागून मागच्या बंपरच्या उजव्या कोपऱ्याला तळहाताएवढा पोचा आला. रंग उडालेला नाही. वर्कशॉपने नवा बंपर ४,८००, पेंटिंग ४,२०० आणि फिटिंग १,२०० असं १०,२०० रुपयांचं एस्टिमेट दिलंय. बाहेरचा डेंटर ३,५०० म्हणतो. एजंटचं म्हणणं, "प्रीमियम भरताय ना, मग क्लेम टाका." एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूट) ४५ टक्के आहे, दोन महिन्यांनी रिन्यूअल आहे. एनसीबी वजा होण्याआधीचा ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) प्रीमियम साधारण ८,००० रुपये. झिरो डेप (घसारा कापू न देणारं जादा कव्हर) घेतलेलं नाही. काय करू?

उत्तर : क्लेम टाकू नका आणि नवा बंपरही घेऊ नका. आधी घरी गरम पाण्याने पोचा काढून बघा. नाही निघाला तर डेंटरचे ३,५०० आहेतच, आणि त्याचीही घाई नाही.

आता हिशोब. क्लेम टाकला की १०,२०० मिळतील असं वाटतं, पण तसं होत नाही. झिरो डेप नसेल तर प्लॅस्टिकच्या भागांवर सरसकट ५० टक्के घसारा (भाग जुना झाल्याची वजावट) कापतात, म्हणजे बंपरचे २,४०० गेले. पेंटिंगच्या एकत्रित बिलातली २५ टक्के रक्कम मटेरिअलची धरून तिच्यावर ५० टक्के घसारा लागतो, म्हणजे आणखी ५२५. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीने स्वतः भरावे लागतात. हातात आले ६,२७५. उरलेले ३,९२५ तुमच्याच खिशातून. डेंटर मागतोय त्याहून हे जास्त आहेत, एवढं एकच लक्षात घेतलं तरी निर्णय होतो.

पण खरा फटका रिन्यूअलला बसतो. क्लेम न करता हे वर्ष संपलं तर एनसीबी ५० टक्के होतो आणि पुढेही तिथेच राहतो. क्लेम केला तर तो शून्यावर येतो आणि पुन्हा २०, २५, ३५, ४५ अशा पायऱ्या चढत पाच वर्षांनी ५० वर पोचतो. ८,००० वर पहिल्याच वर्षी ४,००० जास्त भरावे लागतील. गाडीची आयडीव्ही (विम्यात धरलेली किंमत) उतरते तसा ओन डॅमेज प्रीमियमही दरवर्षी साधारण १० टक्क्यांनी उतरेल असं धरलं, तर पुढच्या चार वर्षांचा फरक अंदाजे २,१६०, १,६२०, ८७५ आणि २६० येतो. बेरीज ८,९०० च्या पुढे, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे ६,२७५ मिळवायला साधारण १०,५०० घालवायचे. थर्ड पार्टीच्या (दुसऱ्याच्या नुकसानीसाठीच्या) प्रीमियमला एनसीबी लागत नाही, म्हणून तो हिशोबात धरलेला नाही.

यावरून तुमच्यापुरता आकडा ठरवून ठेवा : कंपनीकडून हातात पडणारी रक्कम साडेदहा हजारांच्या बरीच वर असेल, तरच क्लेम. हे गणित दोन परिस्थितींत बदलतं. पॉलिसीत एनसीबी प्रोटेक्ट (क्लेमनंतरही एनसीबी टिकवणारं जादा कव्हर) असेल तर, किंवा याच पॉलिसी वर्षात आधी एखादा क्लेम झालेला असेल तर; तेव्हा एनसीबी तसाही गेलेलाच असतो. पॉलिसीचं शेड्यूल (तपशिलाचं पान) काढून हे तेवढं तपासा, आणि पोच्याला हात लावण्यापूर्वीच तपासा. क्लेम करायचा तर कंपनीला लगेच कळवून सर्व्हेअरला (नुकसान तपासणाऱ्याला) गाडी आहे तशी दाखवावी लागते. तोपर्यंत चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा.

आता गरम पाणी. तुमचा बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असेल. आतल्या बाजूला पीपी अशी अक्षरं ठशात दिसतील. हे प्लॅस्टिक उकळत्या पाण्याने नरम पडतं आणि मूळ आकाराकडे वळायला बघतं. इंजिन आणि सायलेन्सर पूर्ण थंड होऊ द्या. बंपर धुऊन घ्या. आतून हात घालायला मागच्या चाकाच्या कमानीतले स्क्रू आणि क्लिपा काढून प्लॅस्टिकचं अस्तर बाजूला करा. क्लिपची मधली खिळी आधी वर उचला, तशीच ओढली तर क्लिप तुटते. पार्किंग सेन्सरची वायर कुठून जाते तेही बघून घ्या.

काम दुपारी करा. गार बंपरवर एकदम उकळतं पाणी पडलं तर रंगाला तडे जाऊ शकतात, म्हणून आधी कोमट पाणी फिरवा. मग तीन-चार लिटर उकळतं पाणी पोच्याच्या कडेपासून मध्याकडे सावकाश ओता. ओतणारा एक, ढकलणारा दुसरा. ढकलणाऱ्याने जाड रबरी हातमोजे घालून आतून कडेकडून दाब द्यायचा. घाईने मधोमध ठोसा मारला की कडेला घडी पडते, आणि ती घडी नंतर निघत नाही. पोचा बाहेर आला की दाब न सोडता वरून लगेच गार पाणी, म्हणजे आकार तिथेच बसतो. एका फेरीत नाही निघाला तर आणखी दोन-तीन फेऱ्या करा.

हीट गन मात्र नको. तिची हवा सहज ३०० अंशांच्या वर जाते, हे प्लॅस्टिक १६० च्या आसपास वितळतं, आणि त्याआधीच रंगाला फोड येतात. पूर्वी पुट्टी भरून रंगवलेला बंपर असेल तर पुट्टी वाकत नाही, तडकून निघते. तिथे हा उपाय करू नका.

आतल्या बाजूला चीर दिसली, बाजूचा ब्रॅकेट तुटून वरची कड बॉडीपासून सुटली असेल किंवा डिकी नीट बसत नसेल, तर पोचा निघाला तरी गाडी डेंटरला दाखवा. ब्रॅकेट वेगळा मिळतो, त्यासाठी बंपर बदलावा लागत नाही.

पुसट ओरखडे राहिले तर रबिंग कंपाउंड पुरे. नख अडकेल इतके खोल असतील तर प्लॅस्टिक प्रायमरशिवाय रंग लावू नका, सालपटं निघतील. आणि नाही लावला तरी चालेल. पत्र्यासारखा हा बंपर गंजत नाही, त्यामुळे थांबल्याने नुकसान वाढत नाही. पुढेमागे गाडी विकायची ठरली की तेव्हाच एकदा पेंटिंग करा.

रिन्यूअलच्या कोटेशनमध्ये ओन डॅमेजच्या रकान्यात ५० टक्के एनसीबी आलाय ना, ते पैसे भरण्यापूर्वी बघा, आणि मुदत चुकवू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर क्लेम न करताही एनसीबी जातो. झिरो डेपचा दरही त्याच वेळी विचारा. तुमच्या गाडीच्या वयाला सगळ्या कंपन्या ते देतीलच असं नाही, म्हणून दोन-तीन ठिकाणी विचारा.