समीक्षकांना आवडलेला चित्रपट मला कंटाळवाणा का वाटतो?

आपण विचारले आहे की, समीक्षकांनी चार-साडेचार तारे दिलेला चित्रपट आपल्याला मध्यंतरातच सोडून यावेसे वाटते आणि त्यांनी झोडपलेला चित्रपट घरातली सगळी माणसे दोनदा पाहतात, तर चूक कोणाची आणि विश्वास कोणावर ठेवावा? मी काही वर्षे एका जिल्हा दैनिकासाठी चित्रपट परीक्षणे लिहिली आहेत आणि तिकीट काढून चित्रपट पाहण्याची सवय त्याहून जुनी आहे. माझे मत असे आहे की बहुतेक वेळा चूक कोणाचीच नसते. समीक्षक सांगतो की चित्रपट कसा घडवला आहे; प्रेक्षक सांगतो की त्या अडीच तासांत त्याचे काय झाले. दोन्ही उत्तरे खरी असतात, पण ती ताऱ्यांच्या एकाच मापात मांडली जातात आणि तिथे घोटाळा होतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' पाहा. 2014 साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ऑस्करसाठी भारतातर्फे त्याचीच निवड झाली. एका वृद्ध लोकशाहिराचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून आत्महत्या केली, असा त्या शाहिरावर आरोप आहे. एवढे ऐकून आलेला प्रेक्षक साहजिकच अशी अपेक्षा धरून बसतो की उलटतपासणी रंगेल, एखादा साक्षीदार फुटेल आणि शेवटी निकाल लागेल. प्रत्यक्षात कॅमेरा एका जागी उभा राहतो, तारखांवर तारखा पडतात, एका बाईने बिनबाह्यांचे कपडे घातले म्हणून न्यायाधीश तिचे प्रकरण ऐकायला नकार देतात. सरकारी वकील बाई लोकलच्या महिला डब्यातून घरी जातात, वाटेत मुलाला घेतात, स्वयंपाकाला लागतात. यात काही घडतच नाही, ही प्रेक्षकाची तक्रार अगदी खरी आहे. समीक्षकाला मात्र त्याच दृश्यात हे दिसते की, दुपारी एका म्हाताऱ्या माणसाविरुद्ध कायद्याची कलमे एकसुरी आवाजात वाचून दाखवणारी ही बाई संध्याकाळी आपल्या शेजारणीसारखीच दमलेली नोकरदार गृहिणी आहे. दिग्दर्शकाने तिला खलनायिका केले असते तर चित्रपट सोपा झाला असता, पण तो खोटाही झाला असता.

शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दालन हळूहळू रिकामे होते, दिवे मालवले जातात आणि पडदा बराच वेळ काळा राहतो. मी ज्या खेळाला होतो तिथे चित्रपट संपला असे समजून मागच्या रांगांतली काही माणसे उठून दाराकडे निघाली होती. चित्रपट संपलेला नसतो. त्यानंतर न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले दिसतात. खटल्याचे काय झाले हा ज्याचा प्रश्न आहे, त्याच्या दृष्टीने त्या अंधाराबरोबर सगळे संपते. न्याय देणारी माणसे कोण आहेत हा ज्याचा प्रश्न आहे, त्याला उत्तर त्या अंधारानंतर मिळते.

याच्या उलट नागराज मंजुळे यांचा 'सैराट'. 2016 च्या एप्रिलमध्ये प्रदर्शित झालेल्या या चित्रपटाने मराठीतले कमाईचे तोवरचे विक्रम मोडले, आणि त्याआधी फेब्रुवारीत तो बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला होता. प्रेक्षकांना गाणी मिळाली, विहिरीतल्या उड्या मिळाल्या, आर्चीचा दरारा मिळाला. ज्या चित्रपटगृहात गाण्यांवर लोक नाचले, त्याच चित्रपटगृहात शेवटच्या काही मिनिटांत, पार्श्वसंगीत पूर्ण थांबल्यावर, टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता होती. पूर्वार्ध लांबला आहे असे काही जाणकार म्हणत; मला ते पटत नाही, कारण त्या लांबलेल्या आनंदावाचून शेवटचा घाव इतका खोल गेलाच नसता.

समीक्षकांच्या बाजूनेही उणिवा आहेत आणि त्या मोकळेपणाने सांगायला हव्यात. आठवड्याला तीन-चार चित्रपट पाहणाऱ्या माणसाला ठरावीक साच्याचा वीट येतो, त्यामुळे तो नावीन्याला गरजेपेक्षा जास्त गुण देतो. विनोदी चित्रपटाचे तर पत्रकारांसाठीच्या खेळात हमखास नुकसान होते, कारण तिथे प्रत्येक जण वही घेऊन गप्प बसलेला असतो आणि हसू हे शेजारच्याच्या हसण्यावर वाढत असते. दादा कोंडके यांच्या लागोपाठ नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केला, तो भरलेल्या चित्रपटगृहांत. पांढरपेशा समीक्षेने त्यातल्या द्वयर्थी संवादांचा हिशेब मांडला, पण आपल्याच बोलीत बोलणारा, लोंबत्या नाडीचा नायक पडद्यावर पाहून गावोगावच्या माणसाला काय वाटले, याची दखल फार उशिरा घेतली.

कधी कधी दोघांनाही वेळ लागतो. 15 ऑगस्ट 1975 रोजी लागलेल्या 'शोले'चे सुरुवातीचे स्वागत थंड होते. पुढे तो मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात पाच वर्षे चालला. त्या वेळी फिल्मफेअरचा एकच पुरस्कार त्याला मिळाला, तो संकलनाचा, आणि संकलक होते मा. स. शिंदे. 'शोले' पाहताना वेळ कसा गेला कळत नाही असे जे आपण म्हणतो, त्यामागे त्यांची कात्री आहे. प्रेक्षकाला तिचे नाव ठाऊक नसले तरी तिचा परिणाम त्याच्यापर्यंत पोचलेला असतो.

आकड्यांबद्दल थोडेसे. रॉटन टोमॅटोज या समीक्षकांची मते गोळा करणाऱ्या संकेतस्थळावरची टक्केवारी म्हणजे चित्रपटाला पडलेले गुण नव्हेत. किती समीक्षकांचे मत एकूण अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. सगळ्यांना एखादा चित्रपट जेमतेम बरा वाटला तरी ती शंभरच्या जवळ जाऊ शकते. आयएमडीबी या चित्रपटविषयक संकेतस्थळावर प्रेक्षक दहापैकी गुण देतात, पण ते देणारे बहुतेक जण तो चित्रपट आवडेल असे वाटूनच गेलेले असतात, शिवाय त्यात नटाचे चाहतेही असतात. हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही.

म्हणून तारे सोडून परीक्षणातले वर्णन वाचावे, आणि शक्यतो एकाच समीक्षकाचे सातत्याने वाचावे, म्हणजे त्याला कशाचे कौतुक आहे आणि कशाचा कंटाळा आहे हे कळू लागते. त्याच्याशी आपले मत दर वेळी जुळले पाहिजे असे अजिबात नाही. माझ्या अगदी विरुद्ध आवड असलेल्या एका समीक्षकाची परीक्षणे मला चित्रपट निवडताना सर्वांत जास्त उपयोगी पडतात. 'दीर्घ, स्थिर दृश्ये आणि अनिर्णित शेवट' असे कोणी लिहिले असेल, तर त्याने ती स्तुती म्हणून लिहिली असली तरी आपण ती माहिती म्हणून घ्यावी: दिवसभराच्या कामानंतर मुलाबाळांना घेऊन जाण्याचा तो चित्रपट नाही, सुट्टीच्या दिवशी सकाळी, फोन बंद करून पाहण्याचा आहे.