वर्गणीला आठवते, सहलीला नाही

प्रश्न : मी मुलुंडहून सीएसएमटीला नोकरीला जाते. नऊ वर्षं आमचा आठ जणींचा ग्रुप एकाच डब्यात असतो. हळदीकुंकू, नवरात्रातले रंग, दसऱ्याला डब्याला तोरणं, सगळं एकत्र. गेल्या रविवारी बाकीच्या सातही जणी केळव्याला जाऊन आल्या. मला कळलं ते स्टेटसवरच्या फोटोंवरून. मार्चपासून मी तीन दिवस घरून काम करते, पण फोन तर आहे ना! सोमवारी दसऱ्याची वर्गणी मात्र आठवणीनं मागितली. तेव्हापासून धड झोप नाही. ग्रुप सोडू का? वर्गणी द्यावी का?

उत्तर : ताई, एवढ्याशा गोष्टीचं काय मनाला लावून घ्यायचं, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पंगतीत वाढप्यानं नेमकं आपलंच पान चुकवलं की भुकेपेक्षा ते चुकवणं जास्त लागतं. मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स यांनी संगणकावर चेंडू झेलण्याचा साधा खेळ घेतला. दोन खेळाडू तिसऱ्याकडे चेंडू टाकेनासे झाले की तो खट्टू होई. समोर माणसं नसून संगणकच खेळतोय, हे सांगितलेल्यांचंही तसंच झालं. म्हणजे कारण कळण्याआधीच मनाला लागतं. म्हणूनच पहिले दोन दिवस ग्रुप सोडू नका, टोमण्याचं स्टेटस ठेवू नका. त्यांची स्टेटस म्यूट करा. रात्री अकराला तेच फोटो पुन्हा पाहिलेत तर झोप येणार कुठून?

मग कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे फक्त घडलेलं : ‘सात जणी गेल्या, मला विचारलं नाही.’ उजवीकडे तुम्ही लावलेला अर्थ : ‘मी नकोशी झालेय.’ डब्यातले बेत बोलता बोलता ठरतात आणि तीन दिवस तुम्ही तिथे नसता. राहून गेलं असेल, मुद्दाम वगळलं असेल. कागदावरून ते ठरत नाही, विचारावंच लागतं.

विचारायचं ते एकीलाच, जी सर्वांत जवळची तिला, ग्रुपवर नाही. धावत्या गाडीत इतरांचे कान असतात. सीएसएमटीला उतरल्यावर चहाला थांबवा आणि म्हणा, ‘केळव्याचं मला कुणी बोललं नाही, ते लागलं गं. राहून गेलं की काही कारण होतं?’ एवढं बोलून गप्प बसा. इथेच बहुतेकींचं चुकतं. समोरची क्षणभर थांबली की आपणच ‘जाऊ दे, माझं काही नाही’ म्हणून तिची सुटका करतो. ‘तुम्ही नेहमीच मला डावलता’ हेही नको. ‘नेहमी’ म्हटलं की ती तुम्हाला नेलेल्या सहली मोजू लागते आणि केळवं बाजूला राहतं. तिसरीच्या हाती निरोप तर मुळीच नको.

‘राहून गेलं’ म्हणाली तर विश्वास ठेवा आणि पुढचा बेत तुम्हीच काढा. तुमच्याबद्दल नाराजी निघाली तर ती ऐकून घ्या. उडवाउडवी झाली आणि पुढच्या दोन-तीन बेतांतही तेच घडलं, तर मात्र तो योगायोग नाही. तेव्हाही अबोला धरू नका. हसून बोला, पण रविवार दुसऱ्या माणसांना द्या.

झोप, भूक दोन आठवड्यांत ताळ्यावर आली नाही तर ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 क्रमांकावर बोला, ही सेवा मोफत आहे, चोवीस तास.

आणि वर्गणी? ती डब्याची आहे, केळव्याची नाही. तोरणाखाली तुम्हीही बसणार आहात. द्या.