बोलणारे वाद्य घडवताना
ऑस्ट्रियन संगीतकार पेटर आब्लिंगर यांनी २००९ मध्ये संगणकाने चालणाऱ्या पियानोतून एका मुलाचे बोलणे उमटवले, ते आधी ऐका. पडद्यावरचा मजकूर वाचताना शब्द कळतात, नजर हटवली की बहुतेक वेळा नुसते सूर उरतात. म्हणून श्रोत्याला मजकूर केव्हा दाखवायचा, हे यंत्रजुळणीच्या आधी ठरवा. आ, ई यांसारखे स्वर पियानोच्या सुरांतून सुचवता येतात, पण स, श यांचे घर्षण त्या पट्ट्यांतून निघत नाही. त्यासाठी झांजेवर फिरवलेला ब्रश जोडावा, आणि तो फार सुंदर ऐकू येतो. यंत्रासोबत वादक वाजवत असेल आणि त्याला यंत्राचे उत्तर उशिरा मिळाले, तर संवाद तुटतो. ४८ किलोहर्ट्झला, म्हणजे आवाजाचे सेकंदाला ४८,००० नमुने घेताना, ५१२ नमुन्यांचा बफर (संगणक आवाज पुढे पाठवण्याआधी साठवतो तो गठ्ठा) एकटाच सुमारे ११ मिलिसेकंद खातो, तेव्हा सुरुवात १२८ नमुन्यांपासून करा.