वाचकांचे प्रश्न : ‘रिफिफी’तला मुका अर्धा तास

प्रश्न : ज्यूल्स डासिनच्या ‘रिफिफी’ (१९५५) या फ्रेंच चित्रपटात घरफोडी जवळजवळ अर्धा तास चालते. संवाद नाही, पार्श्वसंगीत नाही. तरी नजर हलत नाही, ती कशामुळे?

कारण काय बिघडू शकतं, हे आपल्याला आधीच पाठ झालेलं असतं. घरफोडीच्या आधी एक प्रसंग आहे, त्याकडे फार जणांचं लक्ष जात नाही. जवाहिऱ्याच्या दुकानात जी धोक्याची घंटा आहे, अगदी तशीच घंटा ही चौकडी मिळवते आणि तिच्यावर प्रयोग करत बसते. जरासा हादरा बसला की ती कोकलते. ती गप्प कशी करायची यावर खल होतो आणि शेवटी आग विझवायच्या नळकांड्यातल्या फेसाची युक्ती लागू पडते. हा प्रसंग भरपूर बोलका आहे. सगळं समजावणं इथेच उरकल्यामुळे पुढे कुणाला तोंड उघडावं लागत नाही.

आता क्रम बघा. दुकानाच्या वरच्या घरात शिरायचं, तिथल्या माणसांना बांधायचं, जमीन फोडायची. आधी भोक अगदी लहान, मिटलेली छत्री जाईल एवढंच. छत्री खाली सोडून उघडायची, मग भोक मोठं करायचं. गिलाव्याचे तुकडे छत्रीत पडतात, कारण एक ढेकूळ जरी खालच्या फरशीवर आदळलं तरी खेळ खलास. मग दोर. मग फेस. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे, त्यामुळे ‘आता हे का?’ असा प्रश्न पडत नाही. पडतो तो एकच : ‘जमेल ना?’

आणि हा प्रसंग आवाजाविना मुळीच नाही. हातोडीचे दबके ठोके, श्वास, दाबून धरलेला खोकला, छत्रीत सांडणारी माती. घंटा निकामी झाल्यावर तिजोरी कापताना यंत्राची किंकाळी उठते. एवढा वेळ जपलेल्या शांततेनंतर ती अंगावर येते, घंटा मेली आहे हे ठाऊक असूनही! संगीतकार जॉर्ज ऑरिकने या प्रसंगासाठी संगीत रचलं होतं. डासिनने त्याला प्रसंग संगीतासह आणि संगीताविना, असा दोन्ही प्रकारे दाखवला. संगीताविनाच ठेवा, हे ऑरिकनेही मान्य केलं. त्याच्या जागी दुसरा कुणी अडून बसला असता, तर या प्रसंगाची सगळी मजा गेली असती.

प्रश्न : आम्ही लघुपटात असाच निःशब्द प्रसंग केला. पडद्यावर तो निर्जीव वाटतो. काय चुकलं असेल?

बहुतेक वेळा संकलनात ध्वनीची पट्टी सरळ बंद केलेली असते. पूर्ण शून्य आवाज कुठल्याही खोलीत नसतो. तो ऐकू आला की प्रेक्षकाला वाटतं, स्पीकर बंद पडला. चित्रीकरण संपल्यावर त्याच जागी, त्याच माइकवर, पंखा आणि फ्रिज बंद ठेवून, सगळ्यांना स्तब्ध उभं करून निदान ६० सेकंद नुसती खोली ध्वनिमुद्रित करा. हा रूम टोन पूर्ण प्रसंगाखाली अंथरा. जोड येतील तिथे दोन तुकडे थोडे एकमेकांवर चढवून क्रॉसफेड द्या, म्हणजे एकाचा आवाज उतरताना दुसऱ्याचा चढू द्या, नाहीतर प्रत्येक जोडाला ‘टक्’ ऐकू येतं.

त्यावर हालचालींचे आवाज वेगळे, माइक जवळ धरून घ्या : कापड, धातू, श्वास. सगळेच वापरू नका. एका वेळी दोन-तीन पुरेत. रूम टोन फार वर ठेवलात तर मोठा आवाज आला तरी कुणी दचकणार नाही.

दुसरी चूक नटांची. संवाद काढले की ते हातवारे करून ‘बोलू’ लागतात. ज्यांनी कामाची तालीम केली आहे ती माणसं खाणाखुणा करत नाहीत, हात पुढे करतात आणि हवं ते हत्यार हातात येतं. प्रसंगाआधी नटांकडून ती कामं खरोखर करून घ्या. आणि पटकथेत मागे जाऊन बघा, धोका कशाचा आहे हे आधी दाखवलंय का? तो नसेल तर ध्वनी कितीही सुधारलात तरी उपयोग नाही.

प्रश्न : चौकडीतल्या तिजोरी फोडणाऱ्या सेझारचं काम करणारा पेर्लो विता कोण?

स्वतः डासिन. ठरलेला नट ऐनवेळी मिळाला नाही, म्हणून त्याने टोपणनावाने ती भूमिका केली. घरफोडीच्या वेळी सेझारच्या पायांकडे बघा, बॅलेचे मऊ बूट आहेत.

प्रश्न : घरफोडी फत्ते झाल्यावरचा भाग लांबलेला वाटतो. तो कापता आला नसता?

नाही. (चित्रपट पाहिला नसेल तर हे उत्तर सोडून द्या.) योजना निर्दोष पार पडते आणि सेझारने एका गायिकेला दिलेल्या अंगठीमुळे सगळं उघडं पडतं. तो साथीदाराचं नाव सांगून मोकळा होतो आणि चौकडीचा म्होरक्या टोनी त्याला चोरांच्या नियमाप्रमाणे गोळी घालतो. अमेरिकेत १९५१ मध्ये सहकाऱ्यांनी कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या चौकशी समितीपुढे डासिनचं नाव घेतलं होतं आणि हॉलिवूडमधलं त्याचं काम बंद झालं होतं. त्याच माणसाने इथे नाव फोडणाऱ्याची भूमिका केली आहे. हा भाग कापला तर उरेल ती नुसती कारागिरी.

प्रश्न : याच वळणाचा आणखी एक फ्रेंच चित्रपट सुचवा.

ज्याँ-पिएर मेलव्हिलचा ‘ल सर्कल रूज’ (१९७०). इथेही पॅरिसमध्ये जवाहिऱ्याकडची लांबलचक, संवादाविना चोरी आहे, पण ताण अवजारांवर नाही, माणसावर आहे. ईव्ह मोंताँने केलेला माजी पोलीस दारूच्या आहारी गेलेला आहे आणि त्याला दुरून, एका गोळीत, कुलूप निकामी करायचं आहे. बंदूक तिवईवर बसवून नेम धरलेला असतो. ऐनवेळी तो ती तिवईवरून उचलतो आणि हातात धरूनच गोळी झाडतो. ‘रिफिफी’ पाहिल्यानंतर लगेच हा पाहा, दोघांतला फरक चटकन लक्षात येईल.