आमदारकी मुलाला हवीये की तुम्हाला?

दादा, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलगा 19 वर्षांचा, बीए दुसऱ्या वर्षाला, आणि "आमदार व्हायला कोणती डिग्री लागते" हा तुमचा प्रश्न. उत्तर एका ओळीचं आहे, कुठलीच लागत नाही. वय 25 पूर्ण, भारताचा नागरिक, राज्यात कुठंही मतदार यादीत नाव, की विधानसभेचा अर्ज भरता येतो.

पण मला काळजी वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. तुम्ही झेडपीला थोडक्यात पडलात ते पाऊणभर पान लिहिलंय, पोराच्या वाढदिवसाला चौकात लावलेल्या फ्लेक्सचा खर्चसुद्धा लिहिलाय, आणि त्याला काय हवंय याची एकच ओळ, तीही तक्रारीच्या सुरात, की "संध्याकाळी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात जाऊन बसतो, कार्यक्रमाला येत नाही." अहो दादा, पोरानं उत्तर दिलंय की तुम्हाला! तुमचं राहिलेलं त्याच्या खांद्यावर टाकू नका, हे मी अगदी स्पष्ट सांगते.

आणि आमदार म्हणजे लग्नाला हजेरी, शिफारसपत्र, गटाराचं उद्घाटन असं जे तुम्ही धरून चाललाय ना, ते काढून टाका डोक्यातून. लोक ती कामं घेऊन येतात, खरंय, पण निवडून देतात ते कायदे करायला आणि सरकारला जाब विचारायला. तारांकित प्रश्न (ज्याचं मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं), लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणं), कपात सूचना (खात्यानं मागितलेल्या पैशात कपात सुचवून जाब विचारणं), यासाठी रात्री बसून बजेटची पुस्तकं वाचावी लागतात, आपल्या तालुक्याला किती निधी धरला आणि खर्च किती झाला हे आकड्यानिशी उभं राहून बोलावं लागतं. रोजगार हमीचा कायदा आपल्या विधिमंडळानं 1977 ला केला, केंद्राचा आला 2005 ला. दुष्काळी गावातल्या बाईला हक्कानं काम मागता आलं ते या कामामुळं.

तुम्हाला खरंच ओढ असेल तर तुम्ही स्वतः उतरा, वयाची वरची अट नाहीये. सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख 1995 ला पडले, 1999 ला परत निवडून आले, आणि 2014 ला अकराव्यांदा जिंकले तेव्हा 88 वर्षांचे होते. एकदा पडल्यावर तुम्ही पोराला पुढं का करताय?

मुलासाठी माझं मत आयटीआय, इलेक्ट्रिशियन ट्रेड, दोन वर्षं. दहावीवर ॲडमिशन होतं, वाइंडिंग त्यात शिकवतात, पुढं महावितरणमध्ये ॲप्रेंटिसशिप किंवा पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. बीए मुक्त विद्यापीठातून पुरं करू दे. पण आधी एक दिवस त्या दुकानात जा, त्याच्या शेजारी स्टुलावर बसा, तो तांब्याची तार कशी गुंडाळतो ते बघा आणि मग विचारा त्याला. दहावीचं मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला मात्र आत्ताच शोधून ठेवा, फॉर्म सुटले की धावपळ होते.